खाली गुंता, वर तुटका दोरा: केंद्रातल्या सामाईक मशीनवर शिवण शिकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्तीतल्या समाजमंदिरात बचत गटांनी मिळून शिवण केंद्र सुरू केलंय. सहा मशिनी आहेत. तीन काळ्या पायमशिनी, दोन मोटार बसवलेल्या आणि एक जुकी, म्हणजे कारखान्यात असते तशी वेगवान मशीन. जी रिकामी असेल तिच्यावर बसायचं. एखाद्या दिवशी टीप छान येते, दुसऱ्या दिवशी त्याच कापडावर खाली दोऱ्याचा गुंता, वरचा दोरा तुटतो, सुई मोडते. बाकीच्या म्हणतात, 'तुझा अजून हात बसला नाही.' जुकीजवळ जायची तर भीतीच वाटते. मग सरळ घरी स्वतःची मशीन घेऊन शिकावं का?

ताई, मशीन विकत घ्यायचा विचार तूर्त बाजूला ठेवा, त्याबद्दल शेवटी बोलते. आधी 'हात बसला नाही' याचा निकाल लावू. हात बसला नसेल तर टीप वाकडी येते. कापड गोळा होतं, कडेचं अंतर कमीजास्त होतं, कोपऱ्यावर सुई पुढे निघून जाते. हे सगळे हाताचे दोष. खाली गुंता होणं आणि दोरा सारखा तुटणं हे बहुतेक वेळा मशीन लावून घेण्यातले दोष. तुमचा हात काल होता तोच आज आहे. मधल्या वेळात त्या मशीनवर कुणीतरी जीन्सचा पाय आखूड केलाय, कुणी टेन्शन, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा स्क्रू, पिळलंय, कुणी दुसऱ्याच नंबरची सुई लावून तशीच ठेवलीय.

मी सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात लाइनवर शिवलंय, आणि नंतर अशाच सामाईक केंद्रांतून शिकवत आले. घरच्या मशीनवर शिकणारी एकच मशीन शिकते, तिच्या खोडी तिला पाठ होतात. केंद्रात शिकणारीला एक जादा गोष्ट शिकावी लागते आणि ती सहसा कुणी शिकवत नाही: बसल्याबसल्या मशीन तपासून आपल्या कामाला लावून घेणं. पाच मिनिटांचं काम आहे. मी शिकवते तिथे पहिला आठवडा यातच जातो. बायका कंटाळतात, पण त्या पुढे कुठल्याही मशीनवर बसतात.

यासाठी टाका पडतो कसा ते एकदा डोळ्यांनी बघा. मशीन बंद ठेवा, शटल म्हणजे सुईखालचा टोकदार फिरता भाग, त्याच्यासमोरची सरकती पट्टी उघडा आणि चाक हाताने आपल्याकडे फिरवा. सुई दोरा घेऊन खाली जाते. वर यायला लागते त्या क्षणी दोऱ्याला मागे छोटासा फासा पडतो. शटलचं टोक तो फासा पकडून बॉबिनभोवतीने, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाभोवतीने नेतं, आणि वर-खाली होणारी वरची दांडी तो परत ओढून घेते. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. सगळा खेळ वेळेचा आहे. सुई थोडी खाली राहिली, उलटी लागली किंवा वरचा दोरा ढिला सुटला, की फासा चुकतो. हे चार-पाच वेळा सावकाश पाहिलंत की पुढच्या निम्म्या तक्रारींची कारणं तुमची तुम्हालाच दिसतील.

आता तुमचा गुंता. खाली गुंता झाला की प्रत्येक नवी बाई बॉबिन काढते, पुन्हा भरते, ती जिच्यात बसते त्या डबीचा, म्हणजे बॉबिन केसचा स्क्रू पिळते. गुंता दिसतो खाली, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. टेन्शनच्या चकत्यांमध्ये वरचा दोरा बसलेला नसला की त्याला धरून ठेवणारं काही राहत नाही. शटल जेवढा ओढेल तेवढा तो खाली जातो, वरची दांडी सगळा परत खेचू शकत नाही, आणि प्लेटखाली पुंजका तयार होतो. दोरा बसत नाही याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे ओवताना फूट, कापड दाबून धरणारा तो पाय, खाली असणं. फूट खाली असलं की चकत्या दाबलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मधे न शिरता वरून सरकतो. फूट वर करा, चकत्या उघडतात, मग ओवा. ओवून झालं की खात्री करून घ्या: फूट वर असताना दोरा ओढला तर तो सहज आला पाहिजे, आणि फूट खाली करून ओढला तर हाताला चांगला ताण लागून सुई किंचित वाकली पाहिजे. दोन्ही वेळा सारखाच सैल येत असेल तर सगळं काढून पुन्हा ओवा. दुसरं कारण, वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून दोरा घ्यायचा राहून जाणं. घाईत हे चांगल्या शिवणाऱ्यांचंही होतं.

बसल्यावर मी काय बघते ते माझ्या क्रमाने सांगते. सगळ्यात आधी मागच्या बाईचा दोरा वरून आणि खालून, दोन्हीकडून काढून टाकते. तो तिच्या कामाचा होता. मग सुई. ती किती नंबरची आहे, कुणी केव्हा लावली, माहीत नसेल तर सरळ आपली लावा. जुनी काढण्याआधी तिच्या दांड्याची सपाट बाजू कोणत्या दिशेला आहे ते बघून ठेवा, कारण वेगवेगळ्या मशिनींत ती वेगळी असते. नियम एकच: सुईची लांब खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा ओवायचा, आणि सपाट बाजू शटलच्या टोकाकडे. सुई अगदी वर टेकेपर्यंत सरकवा आणि मगच स्क्रू आवळा. सुई दोऱ्याच्या जाडीइतकी जरी खाली राहिली तरी टाके सुटतात.

सुईवर दोन आकडे असतात, ९०/१४ असे. मोठा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात जाडी सांगतो, म्हणजे ९० म्हणजे ०.९० मिमी. लहान आकडा म्हणजे आपण म्हणतो तो सुईचा नंबर. रुबिया, केंब्रिक अशा पातळ कापडाला ११ नंबर, पॉपलीन-मांजरपाटाला १४, गणवेशाच्या जाड टेरिकॉटला १६, जीन्सला १८. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची सुई वेगळी मिळते, साधी सुई तिथे धागे तोडते आणि टाके सोडते. सुईचं टोक नखावरून हळूच फिरवा, ओरखडा उठला तर फेकून द्या. सपाट बाजू काचेवर ठेवून आडवी बघा, काच आणि सुई यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली नाही तर सुई वाकलीय. साधारण आठ तास शिवण झालं की सुई बदलावी असं म्हणतात. आपल्याकडे ती मोडेपर्यंत वापरतात. मग दोरा का तुटतो म्हणून मशीनवाल्या काकांना बोलावतात, ते येतात, नवी सुई घालतात आणि पैसे घेऊन जातात.

त्यानंतर बॉबिन. ती कडेपर्यंत ठासून भरू नका, आणि आधीच्या दोऱ्यावर दुसऱ्या रंगाचा दोरा तर अजिबात गुंडाळू नका, आत अडकते. काळ्या मशीनवर बॉबिन भरताना चाकाच्या मधली मोठी चकती सैल करायची असते, म्हणजे सुई हलत नाही. भरून झाल्यावर ती पुन्हा आवळायला विसरलात तर चाक फिरतं आणि सुई जागची हलत नाही. मग नवीन मुलगी 'मशीन बिघडली' म्हणून घाबरून उठते. बॉबिन केसमध्ये घालून दोरा खाचेतून पट्टीखाली घ्या आणि केस दोऱ्याने लोंबकळत धरा. आपोआप सरसर खाली आली तर सैल, हाताला झटका देऊनही हलली नाही तर घट्ट, हलक्या झटक्याने इंच-दोन इंच उतरून थांबली तर बरोबर. केस जागेवर बसवताना 'टक्' असा आवाज आलाच पाहिजे. तो आला नाही तर केस बाहेर राहिलीय, आणि पहिल्याच टाक्याला सुई तिच्यावर आपटून मोडेल. तुमच्या मोडलेल्या सुयांपैकी काहींचं कारण हे असणार. दुसरं कारण मात्र हाताचं आहे: कापड मागून ओढणं. फुटाखालचे दाते कापड आपल्या वेगाने नेत असतात. आपण ओढलं की सुई वाकते आणि प्लेटवर आपटते. कापडाला फक्त दिशा द्यायची, ओढायचं नाही.

मग कातरणाच्या तुकड्यावर टीप. इथे एक युक्ती सांगते, ती कायमची लावून घ्या. वर लाल दोरा, खाली पांढरा. दोन पदरी मांजरपाटावर वीतभर टीप मारा आणि दोन्ही बाजू उजेडात बघा. वरून फक्त लाल आणि खालून फक्त पांढरा दिसला तर टेन्शन बरोबर. खालच्या बाजूला लाल ठिपके डोकावत असतील तर वरचं टेन्शन सैल, वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर घट्ट. आणि खाली लाल दोऱ्याचे मोठे मोठे फासेच दिसत असतील तर टेन्शनच्या स्क्रूला हातही लावू नका, कारण तो दोरा चकत्यांत बसलेलाच नाही. एकाच रंगाच्या दोऱ्यावर यातलं काही कळत नाही आणि शिकणारी वर्षभर अंदाजाने स्क्रू पिळत राहते.

स्क्रूला हात लावायची वेळ आलीच तर शेवटी, आणि फक्त वरच्या. उजवीकडे घट्ट, डावीकडे सैल, एका वेळी पाव फेरा, आणि प्रत्येक वेळी नवी टीप मारून बघणं. बॉबिन केसवरचा तो इवलासा स्क्रू केंद्रात कुणीच फिरवू नये, फक्त जिच्याकडे जबाबदारी आहे तिनेच. यावर माझा एक उपाय आहे, जो मी प्रत्येक केंद्रात सांगते आणि निम्म्याच बायका ऐकतात: बॉबिन केस स्वतःची ठेवा. काळ्या मशीनची केस बाजारात सुटी मिळते, फार महाग नाही. खालचं टेन्शन त्या केसमध्येच असतं. एकदा जाणत्या बाईकडून ती नीट लावून घेतली की तुम्ही कुठल्याही काळ्या मशीनवर बसा, खालचा दोरा तुमच्या सवयीचा राहतो. मग जुळवायचा उरतो फक्त वरचा. तुमच्या पिशवीत आपली केस, चार-पाच बॉबिनी, ११, १४ आणि १६ च्या सुया, छोटी कात्री, उसवणं आणि एक जुना टूथब्रश असला की झालं. टूथब्रश कशाला? प्लेट काढून बघा. दात्यांच्या मधल्या खाचांत सुताचा भुसा घट्ट बसलेला असतो, नमद्यासारखा. टाके सुटण्याचं आणि कापड पुढे न सरकण्याचं ते एक मोठं कारण आहे, आणि सामाईक मशीनचं प्लेटखालचं 'आपलं' म्हणून कुणीच साफ करत नाही.

आता पायांकडे येऊ. पायमशीनवर शिकताना पहिले काही दिवस दोरा ओवूच नका. सुई काढून ठेवा, फूट वर ठेवा आणि नुसतं पायडल मारा. दोन्ही पाय पायडलवर, एक थोडा पुढे, टाच-चवडा, टाच-चवडा, हालचाल घोट्यातून यायला हवी. गुडघ्यातून जोर लावणाऱ्या बायकांची कंबर संध्याकाळपर्यंत धरते. सुरुवात नेहमी उजव्या हाताने चाक आपल्याकडे फिरवून करायची. नुसत्या पायाने सुरू केलं तर चाक कधी पुढे जातं, कधी मागे, आणि मागे गेलं की दोरा शटलमध्ये गुरफटतो. पायमशीनवर नवशिक्यांचा काही गुंता असा उलट्या चाकानेही होतो. थांबायचं असेल तेव्हाही तोच हात चाकाच्या कडेवर अलगद ठेवायचा. एक-एक टाका टाकून थांबता आलं म्हणजे पाय तयार झाला. जोरात शिवता येणं ही त्याची खूण मानू नका.

नंतर जुनी, टाकाऊ सुई लावा आणि वहीच्या रेघांच्या कागदावर, बिनदोऱ्याचं शिवा. कागदाने सुई बोथट होते म्हणून जुनीच वापरा. आधी रेघेवर, मग दोन रेघांच्या मधोमध, मग चौकोन. कोपऱ्यावर सुई कागदात रुतलेली ठेवून फूट उचला आणि कागद फिरवा. मग वाटी ठेवून काढलेले गोल. भोकं रेघेवर पडली की नाही ते कागद लगेच दाखवतो, उसवावं लागत नाही. डोळे सुईवर ठेवू नका, त्याने टीप डुगडुगते. फुटाच्या उजव्या कडेवर नजर ठेवा आणि ती कड कापडाच्या कडेला धरून चालवा.

साडी नेसत असाल तर पदर खोचून घ्या, ओढणी असेल तर मागे गाठ, आणि लांब वेणी पाठीवर. चाक आणि वादी, म्हणजे चाकावरचा पट्टा, यांच्यात ओढणी गेलेली मी पाहिलीय. पायमशीन थांबवता येते, मोटारीवाली तेवढ्या वेळात बरंच ओढते. मोटारीच्या मशीनवर सुई ओवताना पाय पायडलवर ठेवू नका, आणि सुई बदलताना बटण बंद करा.

जुकी. तुमची भीती बरोबर आहे, ती घालवू नका, फक्त कामाला लावा. गणवेशाच्या कारखान्यांत चालणाऱ्या जुकी डीडीएल-८७०० या मॉडेलची कमाल गती मिनिटाला ५,५०० टाके आहे. घरगुती मोटारीवाली हजाराच्या आसपास जाते. तेव्हा पहिल्या दिवशी बटण बंद ठेवूनच बसा. पायडल पुढे दाबल्यावर कुठे कडक लागतं ते पायाला कळू द्या. उजव्या गुडघ्याने दांडी बाजूला ढकलून फूट उचलायची सवय करा, म्हणजे दोन्ही हात कापडावर राहतात. तुमच्या मशीनखाली जुनी क्लच मोटार आहे की सर्वो ही नवी मोटार, ते विचारून घ्या. क्लच मोटार बटण लावल्यापासून घोंघावत असते, आणि बटण बंद केल्यावरही थोडा वेळ फिरत राहते. त्या वेळात पाय लागला तर सुई चालते. सर्वो आवाजच करत नाही, त्यामुळे मशीन चालू आहे हेच विसरायला होतं, आणि बोट सुईखाली असताना पाय पडतो. सर्वोचा मोठा फायदा असा की तिच्या बऱ्याच बटणांच्या पेट्यांवर कमाल गती कमी करून ठेवता येते. शिकणाऱ्यांसाठी ती हजाराच्या आत आणून ठेवायला सांगा. केंद्रातल्या अनुभवी बायका कुरकुर करतील, पण त्यांना परत वाढवून घ्यायला दोन बटणं पुरतात.

जुकीची सुई आणि बॉबिन काळ्या मशीनची नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. तिच्या सुईचा दांडा पूर्ण गोल असतो, सपाट बाजू नसते, पाकिटावर डीबी×१ लिहिलेलं असतं. घरगुती सुईवर एचए×१. गोल सुई लावताना लांब खाच बरोबर डावीकडे आली पाहिजे, आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. खाच जराशी तिरकी राहिली तरी टाके सुटतात. बॉबिनी दिसायला सारख्याच असतात, पण व्यास आणि रुंदी वेगळी. केंद्रात दोन्ही एकाच डब्यात पडलेल्या असतील तर आजच दोन डबे करा. तेलाचंही वेगळं आहे. जुकीला वरून थेंब टाकायचे नसतात. खालच्या पेटीतलं तेल वर-खालच्या दोन खुणांच्या मधे हवं, आणि मशीन चालू असताना वरच्या काचेत तेल उडताना दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर लगेच थांबवा.

काळ्या मशीनला मात्र रोज थेंब-थेंब तेल, आणि तेही शिलाई मशीनचं पातळ, बिनरंगाचं. खोबरेल घालणारी बाई प्रत्येक केंद्रात एक तरी असते. खोबरेल सुकून चिकट होतं आणि थंडीत तर थिजतंच. मग सकाळी चाक दोन्ही हातांनी फिरवावं लागतं. तसं झालंच असेल तर थोडं रॉकेल सोडून, मशीन फिरवून तो चिकटपणा काढतात आणि मग मशीनचं तेल देतात. तेल दिल्यावर फुटाखाली जाड चिंधी ठेवून थोडी टीप मारून घ्या, नाहीतर पुढच्या बाईच्या पांढऱ्या कापडावर डाग.

शिवायचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते, कारण इथे बऱ्याच वर्गांशी माझं पटत नाही. आपल्याकडे शिवणवर्ग झबल्याने सुरू होतो. झबलं लहान असतं, कापड कमी लागतं, म्हणून. पण झबल्याला सगळे वळणच: मुंढा (हात घालायची जागा) वळणाचा, गळा वळणाचा, आणि बारक्या गळ्याला उरेब, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी. नव्या हाताला यापेक्षा अवघड काही नाही. मी आधी उशीचा अभ्रा, मग बाजाराची पिशवी, आणि मग सहा कळ्यांचा परकर घेते. परकरात लांबच लांब टिपा असतात. दोन-तीन परकर झाले की पाय आणि नजर आपोआप जुळतात. शिवाय त्यात एक मोठा धडा आहे. कळी म्हणजे कमरेला अरुंद आणि घेराला रुंद असा तुकडा. तिची एक कड उभ्या धाग्यात असते आणि दुसरी तिरपी. तिरपी कड ताणली जाते. दोन कळ्या जोडताना तिरपी कड खाली, दात्यांच्या बाजूला ठेवा आणि सरळ कड वर. दाते खालचं कापड थोडं जास्त खेचतात, वरचं फुटाखाली अडून मागे राहतं. सैल बाजू खाली असली की जास्तीचं कापड दाते आत सामावून घेतात. उलटं केलंत तर टोकाला येईपर्यंत वरची कळी बोटभर लांब उरते, आणि 'कापताना चुकलं' असं वाटतं. टीपही घेराकडून कमरेकडे न्या. रुंद बाजूकडून अरुंदकडे गेलं की कापड कमी ताणतं. ब्लाउजची घाई करू नका. कटोरी तर नंतरच.

केंद्राच्या नियमांबद्दल. सहा मशिनी आणि पंचवीस-तीस बायका असल्या की मशीनपेक्षा भांडणं जास्त चालतात. दोन गोष्टींनी बरीच थांबतात. प्रत्येक मशीनला दोऱ्याने एक पुठ्ठा बांधा आणि त्यावर सुईचा नंबर, बदलल्याची तारीख आणि 'टाके सोडते', 'तेल दिलं' असं जे असेल ते लिहा. उठताना दोरे काढायचे, फुटाखाली चिंधी ठेवून फूट खाली करायचं, बटण बंद. दुसरी गोष्ट कारखान्यातून आणलेली. तिथे सुई मोडली तर सगळे तुकडे शोधून वहीत चिकटपट्टीने चिकटवावे लागतात, ते जुळल्याशिवाय नवी सुई मिळत नाही. आम्ही लहान मुलांचे गणवेश शिवत होतो, टोकाचा एक तुकडा पट्टीत राहिला तर तो कुणाच्या तरी मानेला लागणार. तुमच्या केंद्रात झबली-टोपडी शिवली जात असतील तर ही वही सुरू कराच. तुकडा सापडत नसेल तर लोहचुंबक फिरवा. कापडाची कात्री कागदाला लावणाऱ्या बाईचं काय करायचं याला अजून उपाय सापडलेला नाही.

आता घरच्या मशीनबद्दल. केंद्रात तीन प्रकारच्या मशिनी फुकट हाताखाली आहेत, हे घरी मिळणार नाही. एकदा काळ्या मशीनवर, मोटारीवर आणि जुकीवर तुम्ही स्वतः लावून, लाल-पांढऱ्या दोऱ्याची टीप नीट काढू शकलात की मगच ठरवा की तुम्हाला यातली कोणती हवी. ब्लाउज, फॉल, आसपासच्या बायकांची कामं यांना काळी मोटारीवाली पुरते. गणवेश, पिशव्या अशा ठोक कामाला जुकीसारखीच लागते, पण तिला घरात जागा आणि टेबल दोन्ही हवं. पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल केंद्रात चर्चा असेलच. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत शिंपीकाम हा १८ व्यवसायांपैकी एक आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण मिळतं, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये. पण ती हे काम आधीपासून करत असलेल्या कारागिरांसाठी आहे आणि एका कुटुंबातल्या एकालाच मिळते. घरात आणखी कुणी सुतारकाम, गवंडीकाम करत असेल तर कुणाच्या नावाने घ्यायची ते आधी घरात ठरवा.

जुनी मशीन घेत असाल तर आपली बॉबिन केस, नवी १४ नंबरची सुई, दोन रंगांचे दोरे आणि मांजरपाट घेऊन जा. विकणाऱ्याने आधीच लावून ठेवलेल्या दोऱ्यावर टीप बघू नका. वादी काढून चाक एका बोटाने फिरवा, कुठे अडखळतं का ते कळेल. मग सुई खाली असताना सुईची दांडी दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवून बघा. ती खडखडत असेल तर आतून झिजलीय. मशीन कितीही नवी रंगवलेली असली आणि सोन्याची फुलं चमकत असली तरी ती तिथेच सोडून या.